मागे काहीच नव्हतं

ऊर्जानगर,
दि. २५ मार्च

ती. रंजीताताईस,
सा. न. वि. वि. व जयभीम.

काल बापूरावभाऊजींचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो. यंत्रांच्या आवाजात एवढंच ऐकू आलं की मावशी मोहफुलं वेचताना पडल्या आणि त्यांना गडचिरोलीला नेलं आहे. पुढे विचारणार तोच फोन कटला. तुमच्या चिचटोल्यात अंगणातल्या चिंचेखाली उभं राहिल्याशिवाय फोन लागत नाही, आणि तिथे बोललेलं सगळ्या घराला ऐकू जातं, म्हणून तू मनातलं कधी फोनवर बोलत नाहीस. तेव्हा पत्रच बरं. मावशींना कितपत लागलं आहे ते सविस्तर कळव. या वयात पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन जायचं म्हणजे पाय अडखळणारच. पण तुझ्या सासूबाईंना सांगून उपयोग नाही, हे तू मला दहा वेळा सांगितलं आहेस.

मी रविवारी सुखरूप पोचलो. तुम्ही सगळे निजलेले असताना निघालो, राग मानू नकोस. दिव्यानी सोबत असती तर तिने असं निघू दिलं नसतं, पण प्रणितची परीक्षा असल्याने ती इकडेच राहिली होती. आधी जंगलाच्या वाटेने तळ्यापर्यंत धावत गेलो, तिथून उलटा फिरून, गावात न शिरता धानोऱ्याच्या फाट्याला लागलो, आणि सकाळची गडचिरोली गाडी आरामात मिळाली. कंडक्टरने घामाने निथळणारा माणूस बघून विचारलं की मागे कोणी लागलं होतं का. मी म्हटलं, म्हातारपण लागलं आहे.

एक गंमत सांगायची राहिली. गावाबाहेरच्या मोहाच्या झाडांपाशी आलो तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. बाया वाकून फुलं वेचत होत्या. मला बघून दोघी-तिघी उभ्या राहिल्या, काहीतरी ओरडल्या. कानात गाणी लावलेली, म्हणून ऐकू आलं नाही. मी हात वर करून जोरात हलवला. तर त्या टोपल्या टाकून गावाच्या दिशेने पळत सुटल्या! माझी नक्कल करत असणार. आमच्या इथल्या धावण्याच्या ग्रुपवर मी हे लिहिलं, तर सगळे म्हणाले की मिथुनभाऊंनी एका सकाळी अख्खं गाव धावायला लावलं.

हसू नकोस, पण ताई, या धावण्याने मला माणसात आणलं. बाबा गेले तेव्हा माझ्याच वयाचे होते. दोन वर्षांपूर्वी माझी शुगर निघाली, त्या दिवसापासून रात्री छातीवर हात ठेवून निजायचो. कुणाला सांगितलं नाही. धावायला लागलो तशी झोप लागायला लागली. नोव्हेंबरमध्ये नागपूरला मोठी शर्यत आहे, तिच्यासाठी नाव नोंदवलं आहे.

चौदा एप्रिलला नेहमीप्रमाणे येतोच. मावशी तोवर उठून मला टोमणे मारू लागतील. भाऊजींना जयभीम, भाची करिश्माला तिच्या पोलीस भरतीच्या तयारीसाठी शाबासकी. तुझा लोभ माझ्यावर जन्मापासून आहे, तो मागून वाढवून घेत नाही.

तुझा भाऊ,
मिथुन


चिचटोला, ता. धानोरा
दि. १ एप्रिल

चि. मिथुन यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले तेव्हा तुझं पत्र आलेलं होतं. आईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई टाकली आहे. डॉक्टर म्हणाले की तीन महिने अंथरूण, आणि पुढे काठीशिवाय चालता येईल की नाही हे आज सांगता येत नाही.

आता पुढचं नीट बसून वाच. दिव्यानीलाही वाचायला दे.

त्या बाया तुझी नक्कल करत नव्हत्या. आमच्याकडे पहाटेच्या वेळी मोहाखाली कोणी उगाच पळत नाही. पळतो तो एकाच कारणाने. गेल्या वर्षी याच दिवसांत पलीकडच्या गावचा माणूस वाघाने नेला, तेव्हा खबर घेऊन एक बाई पळत आली होती. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती नुसता हात हलवत होती. तेव्हापासून कोणी पळताना दिसलं की विचारत बसायचं नाही, पळायचं, असं बायांनी ठरवलं आहे. तू जंगलाकडून आलास, अंगावर काळे कपडे. शेजारच्या चंदाने ओरडून विचारलं की काय झालं. तू बोलला नाहीस. हात वर करून हलवलास. चंदा म्हणते, मले वाटलं हा माणूस पळा म्हणून राह्यला.

आई सगळ्यांत मागे होत्या. बांधावरून उतरताना पाय खड्ड्यात गेला. बाकीच्या गावात पोचल्या, काठ्या-डबे घेऊन माणसं निघेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढा वेळ आई तिथे एकट्या पडून होत्या. ओरडल्या नाहीत, कारण आवाजाने वाघ येईल असं वाटलं. तोंडात पदर कोंबून पडून होत्या. पदराला दातांची भोकं पडली आहेत, ती मी धुताना पाहिली. तुझी गाडी तेव्हा धानोऱ्याहून सुटलीही नसेल.

तुला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. आमच्या पाच पोरी भरतीसाठी याच रस्त्यावर धावतात. सुरुवातीला रोज असाच पळापळीचा गोंधळ व्हायचा, म्हणून गावाने नियम केला की धावणाऱ्याने झाडं दिसली की भरती, भरती असं ओरडत जायचं. ते ऐकलं की बाया मान वर न करता फुलं वेचत राहतात. हे करिश्माने तुला आदल्या रात्री सांगितलं होतं.

परवा गावाची बैठक झाली. तेंदूपत्त्याचा हंगाम संपेपर्यंत रस्त्यावर कोणीही धावायचं नाही असं ठरलं. मोह संपला की लगेच बाया तेंदूची पानं तोडायला त्याच वाटेने जातात, म्हणजे मे संपेपर्यंत बंदी. करिश्माची मैदानी चाचणी जूनच्या सुरुवातीला आहे. गेल्या वर्षी ती धावण्यातच मागे पडली होती, आणि वयाची अट बघता तिला फार वेळा बसता येणार नाही. दुसरा सपाट रस्ता आम्हाला नाही, चारी बाजूंना धानाचे बांध. पोलीस पाटील गुणवंतरावांनी एवढी वाट ठेवली आहे की जिचा पाय मोडला ती हो म्हणाली तर पोरींना मोकळीक. करिश्मा आईंना विचारायला गेली. आईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

चौदा एप्रिलला यंदा येऊ नकोस. करिश्माचे बाबा काही बोललेले नाहीत. मीच सांगते आहे. ते बोलत नाहीत म्हणूनच सांगते आहे.

प्रकृतीला जप. माया कमी झाली असं समजू नकोस, पण आज ती लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

तुझी ताई,
रंजीता


ऊर्जानगर,
दि. ७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. व जयभीम.

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. मावशींचं वाचून जेवण गेलं नाही, हे खोटं लिहीत नाही. पण तुझ्या पत्रातला सूरही जिव्हारी लागला. मी कुणाला ढकललं नाही. सार्वजनिक रस्त्याने गेलो. ओळखीची माणसं दिसली म्हणून हात हलवला. हात हलवण्याचा असा अर्थ निघतो हे चंद्रपूरच्या माणसाने कसं ओळखायचं?

करिश्माने सांगितलं होतं, कबूल. पण ते कसं सांगितलं होतं तेही आठव. अंगणात खाटेवर बसलो होतो. ती म्हणाली की मामा, झाडं आली की भरती, भरती म्हणत जा, आणि मी म्हटलं की या वयात मला कोण भरती करतं, फार तर दवाखान्यात करतील. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तू हसली होतीस. पहाटे झाडांपाशी आलो तेव्हा मला ते आठवलंही होतं. एकट्याने रस्त्यात ओरडायची लाज वाटली, एवढंच. आता तीच लाज पुरून उरली आहे.

मार्ग मी सुचवतो. करिश्माला इकडे पाठव. इथे मोठं मैदान आहे, दिवे आहेत, मी स्वतः तिची तयारी करून घेईन. भाऊजींना तू समजावून सांग. त्यांनी मनात राग ठेवला असेल तर तो माझ्यावर ठेवावा, पोरीचं वर्ष का घालवायचं?

चौदाला येत नाही. तू म्हणतेस म्हणून.

तुझा,
मिथुन


ऊर्जानगर,
दि. १६ एप्रिल

ती. सौ. रंजीताताईंना,
दिव्यानीचा सप्रेम नमस्कार व जयभीम. वि. वि.

तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. आईंची तब्येत कशी आहे? मला यायचं होतं, पण मी आले तर ते एकटे राहतील, आणि सध्या त्यांना एकटं ठेवावंसं वाटत नाही.

ताई, दीड वर्ष मी या धावण्याला सवत म्हणत आले. तुमच्याकडे कितीदा रडगाणं गायलं असेल. पहाटे चारला मिक्सरचा घरघराट. पायाच्या नखांचा जांभळा रंग. रविवारी लांब पल्ला असतो म्हणून आमची सगळी लग्नं बुडाली, माझ्या मावसभावाच्या लग्नात तर हे पंगत सोडून कोपऱ्यात खजूर खात बसले. रात्री नऊला दिवे बंद, म्हणजे मी आणि प्रणितने स्वयंपाकघरात कुजबुजत बोलायचं, जसं घरात कोणी आजारी आहे. आमच्या वसाहतीच्या कडेला बिबट दिसल्याचे फोटो मोबाईलवर फिरतात, आणि हे त्याच अंधारात जायचे. मी दार लावून पडायची, पण ते परत येईपर्यंत डोळा लागायचा नाही. त्यांना झोप मिळाली ती माझ्या वाट्याची होती, असं मी चिडून म्हणायची.

आता ते धावत नाहीत. तुमचं पत्र आलं त्या दिवशी उत्तर रागाने लिहिलं, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सवयीने बूट घालून गेले आणि लगेच परत आले. विचारलं तर म्हणाले की कोपऱ्यावर झाडलोट करणारी बाई वाकलेली दिसली, तिला ओलांडून पुढे जाववलं नाही. बूट माळ्यावर टाकले. नागपूरच्या शर्यतीतून नाव काढून घेतलं.

मला वाटलं होतं, सवत गेली की घर माझं होईल. तसं झालं नाही. चारला अजून उठतात. पलंगाच्या काठावर बसून राहतात, छातीवर हात ठेवून. शुगर वर गेली आहे, डॉक्टर रागावले. प्रणितवर उगाच खेकसतात. चौदा तारखेला पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, घातला, आणि दिवसभर तसेच घरात बसून राहिले. मिरवणुकीचा आवाज आला तेव्हा खिडकी लावून घेतली. ताई, मला तो मिक्सर परत हवासा वाटायला लागला आहे, काय सांगू.

करिश्माला इकडे पाठवायला भाऊजी नाही म्हणाले हे कळलं. ज्याच्यामुळे आई पडली त्याच्या घरचं अन्न माझी पोरगी खाणार नाही असं म्हणाले, तेही कळलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांना असं कोरडं लिहू लागलात, तर मी मधे कुणाकडे बघू?

तुमची छाया आमच्या घरावर राहू द्या. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमची,
दिव्यानी


चिचटोला,
दि. २२ एप्रिल

ती. मामांना,
करिश्माचा शि. सा. न. व जयभीम.

मामीचं पत्र आईने मला वाचायला दिलं. तुम्ही धावायचं सोडलं हे वाचून आधी वाईट वाटलं. मग खूप राग आला. राग आला म्हणूनच लिहिते आहे, लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाटू द्या.

मामा, तुम्हाला सोडता येतं. मला येत नाही.

तुम्ही सोडलं म्हणून आजीचा पाय जुळत नाही आणि आमचा रस्ताही उघडत नाही. तुम्ही तिकडे बसून स्वतःला शिक्षा करून घेता, तिचा आम्हाला काय उपयोग? मी, खुशबू आणि बाकीच्या तिघी, आम्ही पाचजणी मागच्या दिवाळीपासून एकही सकाळ चुकवली नव्हती. आता मी अंगणात जागच्या जागी धावते. पहिल्या दिवशी दवाखान्यातून घरी आलेल्या आजीने पावलांचा आवाज ऐकला आणि अशी किंचाळली की बाबा शेतातून आले. म्हणून मी खाली पोती टाकून धावते, आवाज येऊ नये म्हणून. पोत्यावर धावून कोणी पोलीस होत असेल तर मी नक्की होईन. खुशबूच्या घरी तिचं लग्न ठरवायचं बोलणं सुरू झालं आहे. तिची आई म्हणते की धावणं बंद झालं तं घरी बसून काय करून राह्यली.

तुम्ही मला तुमच्याकडे बोलावलंत. बाबा हो म्हणाले असते तरी मी आले नसते. चौघींना इथे सोडून कशी येऊ?

आजीला सगळ्यांनी विचारून झालं. मी विचारलं, आईने विचारलं, गुणवंतराव आजोबा स्वतः येऊन बसले. ती भिंतीकडे तोंड करते. एका माणसाने मात्र अजून विचारलेलं नाही. त्याने आईला पत्रं लिहिली, बाबांना निरोप धाडले, मामीला गप्प बसून छळलं, पण आजीला काही लिहिलं नाही की येऊन भेटला नाही. ती तुमची मावशी लागते ना? तुम्ही पडलात तर ती बघायला आली नसती का?

बाबा रागावतील. रागावू द्या. ते पाणी देतील, बोलणार नाहीत. त्यांना तेवढंच जमतं.

या. आणि येताना चालत या.

तुमची भाची,
करिश्मा


चिचटोला,
दि. ८ मे

चि. सौ. दिव्यानी हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मिथुन इथे आहे, बरा आहे, औषधं वेळेवर घेतो आहे. तू बांधून दिलेला डबा पहिल्याच दिवशी संपवला, तेव्हा खाण्याची काळजी करू नकोस. तो रोज फोन करायला चिंचेखाली जातो आणि सगळं घर गप्प बसून ऐकतं, म्हणून तुला तो काही सांगत नसणार. मी सांगते.

धानोऱ्याहून गावापर्यंत चालत आला. दुपारच्या उन्हात, चपला घालून. अंगणात उभा राहिला. करिश्माच्या बाबांनी पाण्याचा गडवा पुढे केला आणि बैलाला चारा घालायला निघून गेले. मला रडू येईल याची भीती वाटत होती. त्याला आईंच्या खाटेजवळ नेलं. तो खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला की मावशी, तो मी होतो. त्या म्हणाल्या की मले दिसलं होतं. एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तो उठला नाही. मी स्वयंपाक केला, दिवाबत्ती केली, तरी तिथेच बसून होता. पोरींचं विचार असं मी खुणेने सांगत होते, पण त्याच्याने विचारवेना. शेवटी आईच बोलल्या. त्यांनी विचारलं की तुझ्या मागं काय होतं रे. तो म्हणाला, काही नव्हतं. मागे काहीच नव्हतं. आई म्हणाल्या, वाघ नव्हता, अस्वल नव्हतं, तं तू पळत काऊन होता?

दिव्यानी, तुला माहीत असेल, मला माहीत नव्हतं. त्याने त्यांना सगळं सांगितलं, ओरडायची लाज वाटली तेसुद्धा. बाबा कसे ड्यूटीवरून येऊन खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत ते सांगितलं. त्या दिवशी मी सासरी होते, घरात हा एकटा होता. बाबांचे बूट यानेच काढले होते. शुगर निघाल्यापासून रोज रात्री त्याला ती खुर्ची दिसते. धावलं की दिसत नाही. हे त्याने मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, कधी सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड करून निजलेल्या म्हातारीला सांगितलं.

आईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, म्हणजे मी चुकले नाई. चंदी म्हणे की आपण उगाच पळालो, सगळ्या बाया मले हसल्या, तो पाहुणा मजेनं पळून राह्यला होता आणि म्हातारीनं पाय मोडून घेतला. मजेनं नव्हता पळत. माणूस भ्याला होता. मले बरोबर दिसलं होतं.

आणि पहिल्यांदा त्यांनी तोंड आमच्याकडे फिरवलं.

मग मिथुनने पोरींचं विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही. म्हणाल्या की पावलं वाजली की मले तो बांध दिसते. भरती म्हणून ओरडतात त्या पोरी, पण धावताना दम लागते, आवाज कधी येते कधी नाई. झाडाखाली कोणीतरी उभं राहून ओरडलं पाहिजे, पोरी दिसायच्या आधी. ज्याला लाज वाटली त्यानं उभं राहावं. इथून मले ऐकू आलं पाहिजे. एक दिवस ऐकू नाई आलं तं त्या दिवसापासून बंद.

गुणवंतरावांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की एवढा शिकलेला माणूस हाळी देत उभा राहील का. मिथुन म्हणाला, राहीन. तुमच्या घरच्या रजेचं काय ठरलं होतं ते त्याने मला सांगितलं. याच रजेत तुझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं, ते तू पुढे ढकललंस. ते मी विसरणार नाही. याच्या एका पहाटेची किंमत अजून किती घरांत पोचणार आहे, देव जाणे असं म्हणायची आपली रीत नाही, पण मलाही कळत नाही. रजा पंधरा दिवसांची. चाचणी त्यानंतर आहे. मधल्या दिवसांत कोण उभं राहणार ते ठरलेलं नाही. करिश्माच्या बाबांना मी विचारलेलं नाही. ते काल संध्याकाळी उगाच झाडांपर्यंत जाऊन आले, एवढं पाहिलं.

आज पहिला दिवस होता. तेंदूची पानं तोडायला बाया निघाल्या होत्या. मिथुन त्यांच्याही आधी जाऊन उभा राहिला. चंदा सांगत आली की पहिल्यांदा त्याच्या घशातून आवाजच निघाला नाही. बाया थांबून बघत होत्या. एकीने विचारलं की पाहुणे, कोणत्या शाळेतले मास्तर हजेरी घेऊन राह्यले. दुसरी म्हणाली की याही वयाची भरती निघाली आहे वाटते, मी पण नाव देतो. तोही हसला म्हणे. मग ओरडला.

मी घरी आईंजवळ होते. त्यांनी मला पहाटेच उठवून खाटेवर बसवून घेतलं होतं आणि माझा हात धरला होता. दूर पावलं वाजल्यासारखी वाटली. पाच पोरींची पावलं, कोरड्या रस्त्यावर. आईंनी हात असा आवळला की बांगडी मनगटात रुतली. डोळे मिटलेले, पदर दातात. मला वाटलं, आता ओरडतील, आणि पोरींचं सगळं इथेच संपेल. तेवढ्यात मिथुनचा आवाज आला. फाटका, बेसूर, पण आला. भरती, भरती. पुन्हा आला. पावलं जवळ आली, घरावरून गेली, धानोऱ्याच्या बाजूला लांब गेली. करिश्माच्या धापेचा आवाज मला ओळखू आला.

आईंनी पदर तोंडातून काढला. हात सोडला नाही. पण बांगडी मोकळी झाली. विचारलं की उद्या किती वाजता.

प्रणितला आशीर्वाद. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. आमच्यावर रुसायचा हक्क तुला आहे, तो राखून ठेव आणि येशील तेव्हा वापर.

तुझी ताई,
रंजीता